राणीच्या खांद्यावरची टिटवी

एका राज्यात भानुकीर्ती नावाचा राजा होता आणि हंसावती नावाची त्याची राणी होती. राज्य डोंगराच्या पायथ्याशी होतं. शेतं पिकत होती, विहिरी भरलेल्या होत्या, आणि तिथले मांत्रिकसुद्धा सणासुदीला राजाच्या पंगतीला मांडी घालून बसत होते.

राणी मनाने चांगली होती. कुणाच्या घरी दुखणं आलं की स्वतःच्या हाताने काढा करून पाठवायची. पण तिचं मन नेहमी पुढे पळायचं, आणि पळायचं ते वाईटाकडेच. राजा घोड्यावर बसला की तिला तो खाली पडलेला दिसायचा. चुलीवर दूध ठेवलं की उतू गेलेलं दिसायचं. कुणाचं तान्हं मांडीवर घेतलं की त्याचं अंग तिला तापल्यासारखं लागायचं. हे सारं ती मनातच ठेवायची. दिवस चांगला गेला तरी दिवेलागणीला निःश्वास टाकून म्हणायची, "आजचं टळलं."

राजाने गावाबाहेर मोठं तळं खणायला घेतलं होतं. एके दिवशी कुदळ खणकन वाजली आणि मातीतून तांब्याची पेटी वर आली. झाकणावर मांत्रिकाची खूण कोरलेली होती.

राजा म्हणाला, "होती तिथे पुरून टाका."

राणी म्हणाली, "महाराज, एकदा उघडून पाहू. आत काय असेल या विचाराने माझ्या जिवाला चैन पडायचं नाही."

पेटी उघडली. आत सोनं होतं, आणि सोन्यावर एक जिवंत टिटवी बसली होती. ती उडाली, राणीच्या डाव्या खांद्यावर येऊन बसली आणि माणसासारखी बोलली,

"राणी, राणी, जे तुझ्या मनी, ते माझ्या वाणी. आणि माझ्या वाणीला आलं, ते झालं."

त्या दिवसापासून तसंच होऊ लागलं. राणी मुदपाकखान्यात गेली की टिटवी म्हणायची, "दूध उतू जाणार," आणि दूध उतू जायचं. राणीने बागेकडे पाहिलं की टिटवी म्हणायची, "मोगरा करपणार," आणि मोगरा करपायचा. शिपायांनी जाळं टाकलं, जाळं विरलं. बाण सोडला, बाण वळला. टिटवी जागची हलली नाही. राणी लोकांत जाईनाशी झाली. पेटीतल्या सोन्याला कुणी हात लावेना.

तशातच सीमेवरच्या दोन गावांचा तंटा मिटवायला राजा निघाला. राणीने त्याला दह्याची कवडी दिली आणि म्हणाली, "जाऊन या, महाराज."

खांद्यावरून टिटवी म्हणाली, "जाईल. परत पोहोचणार नाही."

राजाने लगाम आवरला. "राणी, तू तर 'जाऊन या' म्हणालीस."

"ते ओठांनी म्हटलं, महाराज," राणी म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

राजा गेला, तंटा मिटवला, परत फिरला. गच्चीवरून राणीला धुरळा दिसला, मग पांढरा घोडा दिसला, मग राजा दिसला. तिने ओवाळणीचं ताट सिद्ध केलं. दिवस कलला, सांज झाली, ताटातलं निरांजन विझलं. राजा होता तेवढ्याच अंतरावर होता. घोडा चालत होता आणि घोड्याच्या पायांखाली वाट वाढत होती.

बाकीच्यांना ती वाट नेहमीसारखीच होती. प्रधानजी गेले, राजापाशी पोहोचले. त्यांनी घोड्याचा लगाम हातात धरला आणि वेशीपर्यंत चालत आले. वेशीत पाऊल ठेवून मागे पाहतात तर मूठ रिकामी, आणि राजा दूर, जिथल्या तिथे.

मग रोज कुणी ना कुणी राजाला भाकरी आणि पाणी नेऊन देऊ लागलं. दिवस गेले, महिने गेले. राजाची दाढी छातीवर आली, घोड्याच्या बरगड्या दिसू लागल्या. राजा निरोप पाठवायचा, "राणीला सांगा, मला इथून महालाचा कळस दिसतो." राणी मात्र त्याच्यापाशी गेली नाही. जवळ गेले आणि ही टिटवी आणखी काही बोलली तर, या भयाने ती गच्चीच्या खाली उतरलीच नाही.

एके सकाळी घोडा मटकन खाली बसला. राजाने त्याला थोपटून उठवलं, आणि मग स्वतः पायी चालू लागला.

त्या दिवशी राणीने प्रधानजींना विचारलं, "ती पेटी कोणाची?"

"झाकणावर वक्रनाथ मांत्रिकाची खूण आहे, राणीसाहेब. तो वरच्या डोंगरावर राहतो. सणालासुद्धा खाली उतरत नाही."

राणी एकटीच निघाली. टिटवी म्हणाली, "पाय मुरगळणार." पाय मुरगळला. राणी लंगडत डोंगर चढली.

वर एक झोपडी होती. दारात एक म्हातारा गूळ चघळत बसला होता, आणि त्याच्या तोंडावर ना सुख होतं ना दुःख.

"बाबा, ही टिटवी तुमची?"

"होती. माझं सोनं चोरीला जाणार असं ती रोज सांगायची, आणि ते जायचं. मला ऐकवेना. उरलेल्या सोन्यासकट मी तिला पेटीत कोंडलं."

"मग तुमचा जीव सुखावला?"

"भीती गेली, बाई. तिच्यामागून गोडीही गेली. हा गूळ मला मातीसारखा लागतो."

"हिला घालवण्याचा मंत्र सांगा."

"घालवता येत नाही. मोकळी करता येते," वक्रनाथ म्हणाला. "माझ्या घरची तीन कामं हिच्यासमोर पार पाड. दुधाला विरजण लाव आणि दही होऊ दे. कापसाचं सूत काढून ही टकळी भर. आणि मग त्या कड्यावर उभी राहून राजाला हाक मार. तो आला तर शाप फिटला."

"ही तर रोजची कामं."

"रोजचीच," म्हातारा म्हणाला आणि गूळ चघळत राहिला.

राणीने गाईचं दूध तापवलं आणि टिटवीने काही बोलायच्या आत ती मोठ्याने म्हणाली, "दही लागणार! सुरेख लागणार! घट्ट, कवडीदार लागणार!" टिटवी खदखदून हसली. म्हणाली, "वरून हे, आतून ते. दूध नासणार." दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी राणीने दात आवळले आणि मनात काही येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. तिने विचार दाबला, तशी खांद्यावर टिटवी जड झाली. आणखी दाबला, आणखी जड झाली. खांदा वाकला, आणि टिटवी म्हणाली, "नासणार." दूध नासलं. वक्रनाथाने ते नासलेलं दूध मुकाट्याने पिऊन टाकलं. त्याला काय, सारं सारखंच.

असे किती दिवस गेले ते राणीने मोजले नाहीत. एके दिवशी ती अगदी थकून गेली होती. जिंकण्याहरण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिने दुधात करंगळी बुडवून पाहिली. दूध कोमट होतं, बोटाला बरं वाटत होतं.

"दूध कोमट आहे," टिटवी म्हणाली.

राणी दचकली. इतक्या महिन्यांत टिटवी पहिल्यांदाच समोर असलेलं काही बोलली होती. राणीने हळूच भांड्याकडे पाहिलं. ते लखलखीत घासलेलं होतं. "भांडं स्वच्छ आहे," टिटवी म्हणाली. राणीने विरजणाचा वास घेतला. "विरजण ताजं आहे," टिटवी म्हणाली. राणीने भांडं चुलीशेजारी ठेवलं. "कोपरा उबेचा आहे," टिटवी म्हणाली, आणि पंखात चोच खुपसून गप्प बसली.

सकाळी दही असं लागलं होतं की भांडं कलतं केलं तरी हललं नाही.

राणीला वाटलं, आता जिंकले. पण मन एकदा वळलं म्हणून वळलेलंच राहतं असं थोडंच आहे? दुसऱ्या सकाळी ते पुन्हा आपल्या जुन्या वाटेने पळालं आणि राणीला ते पुन्हा समजावून आणावं लागलं. तिसऱ्या सकाळीही तेच. चरायला गेलेल्या गाईवर कुणी रागावत नाही, तिला फक्त घरी आणतात. राणी तसंच करू लागली.

मग तिने टकळी हाती घेतली. "कापूस मऊ आहे," टिटवी म्हणाली. "टकळी छान फिरते आहे." आणि मग, राणीच्या मनात चुटकन आलं तेच, "सूत तुटणार." सूत तुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. कापूस मऊ होता हे खरं, आणि सूत तुटत होतं हेही खरं. राणी टकळी बाजूला ठेवून रडली. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि टिटवीकडे तोंड केलं. आजवर ती टिटवीशी कधी बोललीच नव्हती.

"तुझं खरं आहे, बाई. तुटेल. तुटलं तर मी जोडीन."

टिटवीने मान तिरपी केली. हे तिला नवीन होतं. तिने ते हळूहळू, चाखल्यासारखं म्हणून पाहिलं, "तुटलं तर... जोडीन."

सूत तुटलं. राणीने टोकाला कापसाचे तंतू लावले, पीळ दिला, जोडलं. पुन्हा तुटलं, पुन्हा जोडलं. संध्याकाळी टकळी भरली तेव्हा सुतात जागोजाग सांधे होते. ते डोळ्यांना दिसत नव्हते, बोटांना मात्र लागत होते.

वक्रनाथाने टकळी पाहिली आणि कड्याकडे बोट केलं.

कड्यावरून खालची वाट दिसत होती. त्या वाटेवर राजा चालत होता. मागून घोडा येत होता. राणीने कितीतरी महिन्यांनी त्याला इतकं नीट पाहिलं.

तिने शिकलेलं सारं आठवलं. समोर जे होतं ते पाहिलं. टिटवी म्हणाली, "राजा चालतो आहे. घोडा जिवंत आहे. ऊन उतरलं आहे." राणीने हाक मारली. राजाने मान वर केली, हात हलवला, पण वाट वाढतच राहिली.

मग ती टिटवीला म्हणाली, "नाही आले तर मी..." आणि थांबली. सूत जोडता येतं. राजा आला नाही तर काय जोडायचं? टिटवी धोंड्यासारखी जड झाली. म्हणाली, "येणार नाही. येणार नाही."

राणी कड्यावर खाली बसली. मग तिने विचारलं, "टिटवे, तू माझ्या मनातलं खोलातलं बोलतेस ना? मग या भीतीच्या खाली काय आहे ते सांग."

टिटवी म्हणाली, "तिथवर मी कधी गेले नाही. तू नेलंच नाहीस."

राणीने डोळे मिटले. भीतीत उतरली. भीती थंड होती, ओलसर होती, ओळखीची होती. तिच्या तळाशी काहीतरी लहानसं ऊबदार होतं. राणीने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. मागितलं आणि मिळालं नाही तर, म्हणून तिने जन्मात कधी काही मागितलंच नव्हतं. वाईट काय होईल तेवढं मोजलं, हवं काय ते कधी सांगितलं नाही.

ती उठून उभी राहिली. तिने हाक मारली.

"महाराज! मला तुम्ही घरी हवे आहात! या!"

खांद्यावरून टिटवी म्हणाली, अगदी राणीच्याच आवाजात, "राजा घरी यावा."

आणि वाटेची घडी पडू लागली. दोन हातांनी धोतराची घडी घालावी तशी घडीवर घडी पडत गेली. राजाने एक पाऊल टाकलं, ते डोंगराच्या पायथ्याशी पडलं. दुसरं टाकलं, ते उतारावर पडलं. तिसरं टाकलं, आणि तो राणीसमोर उभा होता, धुळीने माखलेला, दमलेला, आणि मागे घोडा फुरफुरत होता.

टिटवीने पंख झटकले. ती उडाली, कड्यावरून एक गिरकी घेतली आणि टिटिव-टिव, टिटिव-टिव ओरडत नदीकडे गेली. त्या ओरडण्यात शब्द नव्हता. साध्या टिटवीचं साधं ओरडणं.

झोपडीतून वक्रनाथ धावत आला. त्याच्या हातात दह्याची वाटी होती, मिशीला दही लागलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आंबट!" तो ओरडला. "बाई, दही आंबट लागलं!"

राजा आणि राणी डोंगर उतरले. वेशीपाशी येताच राजाचे पाय अडले.

"राणी, इथे प्रधानजींच्या मुठीतून मी निसटलो होतो. पुन्हा तसंच झालं तर?"

राणीने आपला खांदा पाहिला. तो मोकळा होता. पण छातीत धडधडत होतं, पूर्वीसारखंच.

"मलाही भीती वाटते आहे, महाराज," ती म्हणाली. "माझा हात धरा. आत शेगडी पेटलेली असेल, कुणीतरी भात टाकला असेल, आणि मला तुमच्याबरोबर जेवायचं आहे."

राजाने तिचा हात धरला. दोघांनी मिळून वेशीत पाऊल ठेवलं. मागे वळून पाहायची त्यांना गरज वाटली नाही. नगारा वाजू लागला होता आणि माणसं घराघरांतून धावत येत होती.

पेटीतलं सोनं तळ्याच्या घाटाला लागलं, आणि वक्रनाथ पुढच्या सणाला पंगतीला उतरला. त्या राज्यात संकटं आली नाहीत असं नाही, पण राणी कधी कुणाला "आजचं टळलं" म्हणाली नाही. दिवेलागणीला ती विचारायची, "आज काय बरं झालं?" आणि लोक आठवून सांगायचे.

राजा घरी आला, राणीचं मन घरी आलं. ऐकणाऱ्याचंही तसंच येवो.