झुंबराक्का आणि खिंडीतली मडकी

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही जिला पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, अशी एक बाई या माळावर होऊन गेली. तिचं नाव झुंबराक्का. जातीनं कुंभारीण, घर चिंचखोऱ्यात. नवरा लवकर गेला, चाक थांबलं. पण सासूनं जाता जाता औषधपाण्याची विद्या सुनेच्या पदरात टाकली होती. मग आक्कानं काय केलं, ज्या गाढवावर मडकी लादायची त्याच गाढवावर मुळ्या, चूर्णं, काढ्याचं भांडं लादलं आणि माळावरच्या पाच वस्त्या फिरायला लागली. गाढवाचं नाव दिवाण. चालायचंही तसंच हो, दरबारात निघाल्यासारखं.

आजारी माणसानं वैद्याकडं जायचं, ही जगाची रीत. या माळावर मात्र वैद्यच आजाऱ्याच्या दारात यायचा, आणि तोही न बोलावता. कसा? तर आक्का दिवस उजाडायला वस्तीबाहेरच्या निंबाखाली येऊन बसायची आणि कान द्यायची. त्या वेळी घराघरांत जाती फिरायला लागायची. आक्काला दर घरचं जातं आवाजावरून ओळखू यायचं. कुठलं जातं अडखळलं, कुठलं दमून थांबलं, कुठलं आज वाजलंच नाही, हे ऐकून ती बरोबर त्याच दाराशी उभी राहायची. ‘काय गं, खांदा धरलाय ना?’ म्हणायची. घरातली बाई चकित! असं म्हणतात, की जात्याच्या घरघरीवरून आक्का पोटुशी बाईसुद्धा ओळखायची, तिच्या सासूला कळायच्या आधी. म्हणतात बुवा. मी काही निंबाखाली नव्हतो.

आता ऐका. एकदा माळावर पाऊस रुसला, तो तीन वर्षं रुसला. पांढरमाळ नावाची बारा घरांची वस्ती होती, तिची विहीर पार आटली. खिंड ओलांडून कोसभरावर चिंचखोरं, तिथल्या विहिरीला तेवढं पाणी. चिंचखोऱ्याचा बाजी पाटील म्हणाला, ‘या, न्या पाणी. पण तुमच्यात पटकी आली अन् तुमची घागर आमच्या विहिरीत बुडाली, तर आम्हीबी मरू. त्या दिवशी विहीर बंद.’ पटकी म्हणजे जुलाब-उलट्यांचा तो रोग. सकाळी धडधाकट माणूस दिवेलागणीला संपायचा. पाटलाचं काही चुकलं नव्हतं.

आणि नको तेच झालं. पटकी पांढरमाळात आली.

वस्तीचा कारभारी होता म्हाळू. भला माणूस, पण भीतीनं त्याची मती गुंग झाली. विहीर बंद झाली तर सगळेच मरणार, म्हणून त्यानं ठरवलं, की ही गोष्ट वस्तीबाहेर जाऊ द्यायची नाही. पण झुंबराक्का? ती पडली चिंचखोऱ्याची, आणि खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. उद्या ती येणार, निंबाखाली बसणार, बंद जाती ऐकणार. तेव्हा म्हाळूनं घरोघर निरोप दिला, ‘दाणा असो नसो, घरात कुणी पडलेलं असो नसो, उद्या तांबडं फुटताना बाराच्या बारा जाती फिरली पायजेत.’

दुसऱ्या दिवशी आक्का आली, बसली. बाराही जाती घरघरत होती. तिचा जीव भांड्यात पडला. ‘चला, पांढरमाळ सुखरूप,’ असं दिवाणाला सांगून ती उठली आणि घराच्या वाटेला लागली.

खिंडीत पोचली आणि तिचा पाय थबकला. काहीतरी चुकत होतं. दुष्काळाचं तिसरं वर्ष, आणि एकाही घरचं जातं गप्प नाही? बरं, दळतायत म्हणावं तर ओवी कुठाय? जात्याशी बसलेली बाई भावाला आठवते, माहेराला आठवते, सासूचा उद्धारसुद्धा करते, पण गप्प म्हणून बसत नाही. आज बारा जात्यांवर एक ओळ नव्हती. आणि दांडा ओढायची ती तऱ्हा, हिसका मारून ओढायची! जात्यांवर बाप्ये बसले होते. त्या बिचाऱ्यांना ओवी कुठून येणार?

मग बाया कुठं होत्या?

आक्का फिरली ती धावतच. म्हणतात, तेव्हा दिवाणसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा धावला. पहिल्याच घरात बघते तर म्हाळू रिकाम्या जात्याला धरून बसलेला, घामाघूम, आणि पलीकडं त्याची बायको कोंडाबाई घोंगडीवर, डोळे खोल गेलेले. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्या घरात तेच. नऊ घरांत नऊ बाया पडलेल्या, पडलेला पुरुष एकही नाही; उरलेल्या तीन घरच्या बाया त्यांच्या उशाशी. चौथ्या घरातली सगुणा, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर, आक्का खिंडीतून माघारी येईपर्यंत गेली होती. आक्कानं तिच्या कपाळावर हात ठेवला. ‘तुझ्या दारावरनं गेले गं मी,’ म्हणाली आणि धाय मोकलून रडली. ते तिला मरेपर्यंत सललं.

‘बायाच का रं पडल्या?’ तिनं म्हाळूला विचारलं. सांगितलं ते कोंडाबाईनं, क्षीण आवाजात. चिंचखोऱ्याचं पाणी पुरत नव्हतं. ते पोरांना, बाप्यांना ठेवायचं म्हणून बाया गुपचूप ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पीत होत्या. सगळ्याच, महिनाभर. आणि एकाही नवऱ्याला पत्ता नव्हता.

म्हाळू आक्काचे पाय धरून म्हणाला, ‘आक्का, वाचव हिला. पण चिंचखोऱ्यात बोलू नगंस. पाणी तुटलं तर पोरंबी जातील.’

‘अन् न बोलले, तुमची घागर त्या विहिरीत बुडाली, तर तिकडची पोरं जातील. ती काय दगडाची हायत? म्हाळू, मी खोटं बोलणार न्हाई. पण पाणीबी तुटू देणार न्हाई. ऊठ, चूल पेटव. हाय ते पाणी खळखळून उकळ, त्यात मीठ-गूळ घाल आणि घोट घोट पाजत ऱ्हा.’

आक्का खिंडीत गेली, पण शीव ओलांडली नाही. तिथूनच तिनं अशी हाक मारली, की म्हणतात, खाली विहिरीतलं पाणी थरथरलं. सारं गाव जमलं. आक्कानं सरळ सांगून टाकलं, ‘पाटील, पांढरमाळात पटकी हाय.’

‘मग विहीर बंद,’ पाटील खालून ओरडला.

‘करा बंद. त्यांची एक घागर तुमच्या विहिरीला लागणार न्हाई. मीबी रोग सरल्याबिगर गावात पाऊल ठेवत न्हाई. पण माझ्या अंगणात नवऱ्याच्या हातची न खपलेली मडकी पडलीत. रोज वीस भरा, या शिवेच्या दगडाशी ठेवा अन् मागं फिरा. तुम्ही गेल्यावर मी नेईन. इकडं आलेलं मडकं परत तिकडं जाणार न्हाई.’

‘आणि मडकी संपल्यावर?’

‘तवाचं तवा बघू,’ आक्का म्हणाली.

पाटील स्वतः आक्काच्या अंगणात गेला आणि पहिलं मडकं त्यानंच उचललं.

आक्काच्या अंगणात होती सहा दिवसांची मडकी. रोग रेंगाळला एकोणीस दिवस. असं म्हणतात, की सातव्या दिवशी आक्का खिंडीत गेली ती रित्या हातानं परतायची तयारी करून, आणि बघते तो काय, दगडाशी वीस मडकी काठोकाठ भरलेली! आठव्या दिवशी वीस. नवव्या दिवशी वीस. कोणी म्हणतं, तिची सासू वरून चाक फिरवत होती. चिंचखोऱ्याच्या म्हाताऱ्या मात्र हसतात. त्या सांगतात, सातव्या दिवसापासूनची मडकी नवी नव्हतीच. एखाद्याचं बूड चुलीनं काळं झालेलं, एखाद्यावर लग्नातली चुन्याची नक्षी. गावातल्या बाया आपापल्या घरातली मडकी शिवेवर ठेवून जात होत्या, आणि घरी उरलेल्या एका भांड्यात सगळं भागवत होत्या. आता ज्याला जे मानायचं त्यानं ते मानावं. मडकी आली, एवढं खरं.

आणि आक्कानं पांढरमाळात एक दंडक घातला. मडकं आलं की आधी बाई पिणार. तिनं प्यालेलं डोळ्यांनी बघायचं, तोवर बाप्यानं हात लावायचा नाही. म्हाळू रोज कोंडाबाईची मान मांडीवर घेऊन तिला पाजायचा आणि तोंड फिरवून डोळे पुसायचा. सगुणा गेली ती गेली. बाकीच्या आठही बाया विसाव्या दिवशी आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. आक्का मग पुढं कितीतरी वर्षं पाची वस्त्या फिरत राहिली, आणि एकदा अशीच दोन वस्त्यांच्या मध्ये, वाटेवर टेकली ती उठलीच नाही.

आता पांढरमाळात नळ आलाय, उन्हाळ्यात टँकर येतो, महिन्यातून एकदा फिरता दवाखाना येतो. त्या गाडीतली नर्सबाई गावात उतरली की तिला खुर्ची नंतर मिळते, आधी पाण्याचा तांब्या. त्याला ते ‘आक्काचा घोट’ म्हणतात. आणि नवी नवरी घरात आली की सासरा स्वतः माठातून पेला भरून तिच्या हातात देतो. पोरगी लाजते, इतकी माणसं बघतायत म्हणून एखादा घोट घेऊन पेला खाली ठेवायला जाते. मग घरातली थोरली बाई म्हणते, ‘सगळं पी गं पोरी, आमी थांबलोय.’ आणि सगळे खरंच थांबतात.