दवाचा चकवा

ढग गवतावर उतरून झोपायचे, त्या काळची गोष्ट. तंतू नावाच्या आठ पायांच्या तरुण कोळिणीने तळ्याकाठच्या कुरणभर जाळ्याच्या भिंती विणून एक चकवा रचला. वाट शोधत मधल्या दवबिंदूतल्या सूर्यापर्यंत पोचायचं, एवढाच खेळ. पण तिथली रीत अशी, की नवा खेळ ज्येष्ठांना रुचला नाही तर मोडून टाकायचा.

ज्येष्ठ काठावरच्या दगडावर बसले. "सुरेख आहे, पण फार लांब," कासवआजोबा म्हणाले.

"छे, फारच आखूड! शिवाय पोरं बिघडतील," बेडूककाका गुरगुरले.

तंतू पुढे सरकली. "काका, तुम्ही अडलात कुठे?"

"आम्ही आत जात नसतो. आम्ही मत देतो."

इतक्यात चकव्यातून एक म्हातारी मुंगी भिजून बाहेर आली. "पोरी, तिसरं वळण रटाळ आहे गं, डुलकी लागली मला. पण सूर्य पाहिला! पुन्हा जाऊ?"

तंतू लगेच तिसरं वळण उसवायला धावली.

"थांब, सगळंच मोडायचंय!" काका ओरडले.

"मग आत येऊन मोडा."

काका तावातावाने आत शिरले. बराच वेळ धुकं नुसतं हलत राहिलं. मग आतून हळूच आवाज आला, "ए पोरी, सूर्य कुठल्या बाजूला गं?"

"सांगणार नाही," तंतू म्हणाली.