तहानलेली घोडी आणि देवाचे निशाण

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक तरुण स्वार आपल्या आईसह राहत असे. वडिलांमागे त्यांची घोडी तेवढी त्याच्याकडे उरली होती. तिच्यावर बसून वडिलांनी सात वर्षे देवाच्या निशाणाचा मान मिळवला होता. ते गेले आणि मानही दुसऱ्या घरी गेला.

त्या गावी उत्सवाच्या सकाळी स्वारांची कसोटी होई. माळावर वेळूचे पाच खांब रोवीत. घंगाळातल्या पाण्यावर तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. पाचही खांबांना वळसे घालून स्वार परते, तोवर वाटीत किती पाणी शिरले ते पाहत. ज्याच्या फेरीत सर्वांत कमी, त्याला पालखीपुढे निशाण धरण्याचा मान. मात्र त्याच्या घोड्याने आधी त्या घंगाळातले पाणी प्यावे, अशी रीत होती. घोडा तृप्त झाल्यावाचून निशाण उचलायचे नाही.

सरावाच्या वेळी घोडी खांबांना लांबूनच वळसे घेई, ते पाहून सोबती हसले. “अरे, वळतोयस की प्रदक्षिणा घालतोयस?”

ते शब्द तरुणाला झोंबले. त्याने बाजारातून घोडीच्या तोंडात बसणाऱ्या काटेरी कडीचा लगाम आणला.

आई म्हणाली, “बाळा, तुझ्या बाबांनी तिला साध्या दोरीनेच वळवले रे.”

“एका दिवसापुरताच आहे, आई. निशाण घरी आले की काढून टाकीन.”

उत्सवाच्या दिवशी प्रत्येक हिसक्यासरशी घोडी विजेसारखी वळली. तो परतला तेव्हा वाटी अर्धीही भरली नव्हती; इतके कमी पाणी दुसऱ्या कुणाच्याच फेरीत नव्हते. ढोल वाजू लागले. पुजारीबाबांनी घंगाळ पुढे ठेवले.

घोडीने ओठ पाण्याला लावले आणि मान झटक्याने मागे घेतली. पुन्हा लावले, पुन्हा मागे घेतली. पाण्यात रक्ताची एक बारीक रेघ पसरत गेली.

“लगाम ओढून मान खाली दाब,” एक सोबती कुजबुजला. “तोंड ओले झाले की झाले!”

तरुणाने लगाम हाती घेतला. समोर निशाण फडकत होते. गर्दीत आई उभी होती. मग त्याने लगामच उतरवला.

“पुजारीबाबा, निशाण दुसऱ्याला द्या,” तो म्हणाला. “माझी घोडी तहानलेली आहे.”

त्याने तिचे तोंड धुतले आणि पाण्याची ओंजळ तिच्यापुढे धरली. घोडी बराच वेळ नुसती हुंगत राहिली. मग हळूच त्याच्या ओंजळीतून पाणी प्याली.

पुजारीबाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “देवाच्या अभिषेकाहून हे पाणी उणे नाही, बाळा.”

पालखी निघाली. निशाण दुसऱ्याच्या हाती होते. पालखीमागून तो तरुण अनवाणी चालत होता. घोडीला ना लगाम होता ना दोरी. तरीही ती त्याच्या खांद्याला मान टेकवून पावलागणिक सोबत येत होती.

तात्पर्य: मुक्या जिवाला दुखवून मिळवलेला मान देवापुढे मिरवता येत नाही, पण चूक उमगताच जो तो मान सोडतो, त्याला देव दूर लोटीत नाही.