राखलेला येळकोट

कडेपठारी नांदणाऱ्या आणि भक्तासाठी हिमाच्या माथ्यावरही उभ्या राहणाऱ्या मल्हारी मार्तंडा, तुला दंडवत. म्हाळसाई, बाणाई, तुम्हांस दंडवत. या वाचेला बळ द्या, आणि कुठे थांबावे तेही तिला कळू द्या.

मायबापहो, समोर पाहा. बर्फाच्या त्या धारेखाली काळा कातळ दिसतो ना, त्याच्या छातीवर हळदीसारखा पिवळा पट्टा आहे. पलटणीतले लोक त्याला भंडारकातळ म्हणतात. धारेपलीकडे सरहद्द आहे. तिथवर तुम्हांला जाऊ देत नाहीत, म्हणून इथूनच हात जोडावेत. वर चढणारी प्रत्येक तुकडी या छोट्या देवळापाशी थांबते. म्होरक्या ‘सदानंदाचा!’ अशी हाक देतो, आणि एकही ओठ हलत नाही. ज्या हाकेला जेजुरीच्या पायरीपायरीवरून ‘येळकोट’ उठतो, ती इथे अधांतरी का सोडतात? त्याची ही कथा.

फार वर्षांमागे वरच्या ठाण्यावर रामजी भिसे नावाचा जवान आजारी पडला, असे सांगतात. विरळ हवेने त्याच्या छातीत पाणी भरले होते. खाली आणला तरच तो वाचणार होता. त्याला आणायला निघालेल्या तुकडीत त्याचा मावसभाऊ धोंडीबा कोकरे होता. धोंडीबा वाघ्याचा मुलगा. देवाला वाहिलेल्या त्या घराचे एकच व्रत होते: सदानंदाची हाक कानी पडली की असेल तिथून उत्तर द्यायचे. तोंडात घास असो की खांद्यावर तिरडी, उत्तर द्यायचेच. उत्तर चुकले तर देव त्या घराकडे पाठ फिरवतो, असे बापाने त्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी बांधताना बजावले होते.

वाटाड्या आंगचुक याच डोंगराखालच्या गावचा. धारेवरून सज्ज्यासारखा बाहेर आलेला बर्फ दाखवून तो म्हणाला, “बरफ कच्चा है, साब. खांसना भी नहीं.” समोरच्या शिखरावर परक्यांच्या बंदुका होत्या, त्या वेगळ्याच.

सुभेदार मानाजी शितोळे धोंडीबाकडे वळले. “कोकरे, तुझा गळा म्हणजे देवळाचा नगारा. आज त्याला गवसणी घाल.”

“घालतो साब. पण देवाचं नाव निघालं तर?”

“देवाला आतलं बी ऐकू येतं. बर्फाला तेवढं वरचंच येतं.”

सगळे हसले. ते शेवटचे हसणे. पुढची चढण मुक्याने झाली. एका दोराला बांधलेली माणसे एकमेकांचा श्वास ऐकत वर गेली, रामजीला स्ट्रेचरवर आवळून बांधले आणि उतरू लागली. धोंडीबा उशाशी होता.

त्या कातळाखाली तुकडी पोहोचली तेव्हा ऊन चढले होते. सज्ज्याच्या कडेवरून थेंब गळू लागले होते. आंगचुकने बोटानेच ‘लवकर’ अशी खूण केली. नेमके तेव्हाच रामजीने डोळे उघडले. तापाच्या भरात तो गडाच्या पायऱ्या चढत होता, म्हणे. क्षीण आवाजात त्याने हाक दिली, “सदानंदाचा...”

दोर ताठ झाला. जन्मापासून जिभेला लागलेले उत्तर एकेकाच्या गळ्याशी आले. सुभेदारांनी नुसता पंजा वर धरला. धोंडीबाने पिशवी तोंडात कोंबली आणि दात आवळले.

“धोंड्या, कुनीच न्हाई का रं हितं? म्या येकलाच ऱ्हायलो?”

धोंडीबाच्या डोळ्यांतून पाणी आले. उत्तर द्यावे, तर दोरावरचा एकेक जीव बर्फाखाली जाणार. न द्यावे, तर व्रत मोडणार. आणि आपल्याला कुणी उरले नाही असे समजून भाऊ इथेच जीव सोडणार. रामजीने पुन्हा हाक दिली. ती आधीच्याहून बारीक होती. वर सज्ज्यात कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. आंगचुकने डोळे मिटले.

दाताखाली पिशवी फाटली. कडू हळद जिभेवर उतरली, आणि धोंडीबाला उमगले. त्याने तळहातावर भंडारा घेतला, रामजीच्या कपाळी माखला आणि उरलेला मूठभर वर उधळला. पांढऱ्या बर्फावर, काळ्या कातळावर पिवळा पाऊस पडला. तोंडातून शब्द नाही. त्या क्षणी नाम ओठांवरच्या वैखरीवरून उतरले आणि जिथे शब्दच नाही अशा परा वाणीत जाऊन उभे राहिले, असे जुने लोक सांगतात. रामजी त्या पिवळ्या रंगाकडे पाहत राहिला. त्याचे ओठ थांबले.

तुकडी इथे, आज देऊळ आहे तिथे, पोहोचली. दोरावरचा शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत धोंडीबा वळून पाहत होता. त्याचे ओठ, दाढी सारे पिवळे झाले होते.

“साब, आता?”

“आता फाड गळा.”

“येळकोट येळकोट जय मल्हार!”

ती गर्जना डोंगरावर आदळली आणि सबंध सज्जा खाली आला. ज्या वाटेने ते नुकतेच उतरले होते ती वाटच उरली नाही. पांढरी धूळ हळूहळू बसली. मग स्ट्रेचरवरून आवाज आला, “धोंड्या, लेका, येळकोटाला एवढा येळ?”

रामजी जगला. धोंडीबा मात्र घरी जाऊन बापापुढे मान खाली घालून उभा राहिला. म्हातारा म्हणे एवढेच बोलला, “चुकलं न्हाई, पोरा. राखलंस.”

आजही तुकडी वर निघते तेव्हा हाक इथे दिली जाते आणि उत्तर प्रत्येकाच्या छातीत राखले जाते. परतताना शेवटचा माणूस इथे खाली उतरला की मगच येळकोट होतो. कधी एखादा परतत नाही. त्या दिवशी उत्तराआधी त्याचे नाव घेतात, मग देवाचे. कातळावरचा पिवळा रंग म्हणजे दगडफूल, असे जाणते लोक सांगतात. असेलही. फुलायला त्याने तेवढीच जागा निवडली, एवढे खरे.

मायबापहो, ऐकणाऱ्या प्रत्येकाचे मल्हारी कल्याण करो. तुमच्या उंबऱ्यातून जो जो बाहेर पडला आहे तो सुखरूप परतो, आणि दारात येऊन त्याने दिलेल्या हाकेला घरातून उत्तर मिळो.