हातचा कुठे गेला?

तुम्हांला कधी कुणी ‘ढ’ म्हटलं आहे का?

काजलला म्हटलं. तिच्या तोंडावर, आणि तेही बकुळाबाईंच्या ओट्यावर बसून.

म्हणणारा होता समाधान कडलग. तालुक्याच्या गावी एका शाळेत तो तात्पुरता शिक्षक होता. शिक्षक पात्रता परीक्षेत दोनदा नापास झालेला. या खेपेला पास झाला नाहीत तर दुसरीकडे बघा, असं शाळेने त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

बकुळाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी हात ठेवला की ही परीक्षा सुटते, असा पंचक्रोशीत बोलबाला. पण त्या सगळ्यांनाच घेत नसत.

“मला सगळं पाठ आहे बाई,” समाधान आल्या आल्या म्हणाला. “फक्त पेपरात मार्क पडत नाहीत.”

“नाव समाधान, आणि तोंड बघ कसं केलंयस! पाणी पी आधी.”

तो पाणी प्यायला.

“अध्ययन म्हणजे काय?” बाईंनी विचारलं.

“अनुभवाने आणि सरावाने वर्तनात होणारा, तुलनेने टिकाऊ असा बदल.” त्याने एका दमात सांगितलं.

“कोणाच्या वर्तनात?”

“विद्यार्थ्याच्या. अजून कोणाच्या?”

बाईंनी ओट्याखाली पाहिलं.

शेजारची काजल ओट्याखाली एकटीच सागरगोटे खेळत होती. तिसरीतली पोर. बाईंनी तिला हाक मारली.

“हिला हातच्याची बेरीज येत नाही. तू शिकव. जमलं तर तुला घेते. नाही जमलं तर शेवटची एसटी अजून जायचीय.”

समाधान हसला. “एवढंच?”

त्याने पाटीवर सत्तावीस लिहिले, खाली पंधरा. “हे बघ. सात आणि पाच बारा. बाराचे दोन लिहायचे, हातचा एक. कळलं?”

“हो.”

“कर मग.”

काजलने केलं. लिहिलं, ३१२.

“अगं, हातचा कुठे गेला?”

काजलने मूठ उघडून पाहिली. मग दुसरीही पाहिली.

“नीट ऐक. सात आणि पाच बारा. बाराचे दोन, हातचा एक. कळलं?”

“हो.”

पुन्हा ३१२.

समाधानने पुन्हा सांगितलं. जरा चढ्या आवाजात. मग आणखी चढ्या आवाजात. ओट्यासमोर बांधलेली शेळी उठून उभी राहिली. पाटीवर मात्र तेच… ३१२.

त्याने खडू टाकला. “बाई, ही पोरगी ढ आहे.”

काजलने मान खाली घातली. सागरगोटे ओच्यात घट्ट धरले.

“ढ?” बाई शांतपणे म्हणाल्या. “ढच का रे? क का नाही, म का नाही?”

हे समाधानला माहीत होतं. तो सावरून बसला. “असं सांगतात बाई, की जुन्या लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली. एकटा ढ होता तसाच राहिला. काही केलं तरी बदलला नाही. म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात.”

“असं होय. म्हणजे कितीही वेळा झालं तरी जो बदलत नाही, तो ढ.”

“बरोबर.”

“मग सांग तिला आणखी एकदा.”

समाधान काजलकडे वळला. “हे बघ. सात आणि पाच बारा. बाराचे…”

तो थांबला.

तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई शेळीकडे पाहत होत्या…

शेवटच्या एसटीचा हॉर्न फाट्यावर वाजला. समाधान एकदा उठला, पिशवीला हात घातला, आणि पिशवी तिथेच ठेवून ओट्यावरून खाली उतरला. काजलच्या समोर मातीत मांडी घालून बसला.

“हे तीनशे बारा कसे आणलेस गं?” त्याने विचारलं. आवाज आता साधा होता.

काजलने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

“दोन आन् एक तीन. सात आन् पाच बारा. तीनच्या शेजारी बारा लिवले.”

“बरोबर आहे की… आणि हातचा?”

“तुमी म्हनता हातचा एक. माज्या हातात कायच नाय.”

समाधान उठला. भिंतीला टेकवलेल्या खराट्यातून त्याने काड्या उपसायला सुरुवात केली.

“अरे अरे, माझा खराटा!”

“नवीन आणून देईन बाई.”

त्याने काड्यांचे तुकडे केले. दहा-दहांच्या जुड्या सुतळीने बांधल्या. सत्तावीस एकीकडे मांडले, दोन जुड्या आणि सात सुट्या. पंधरा दुसरीकडे, एक जुडी आणि पाच सुट्या.

“सुट्या एकत्र कर.”

काजलने केल्या. “बारा.”

“त्यातून एक जुडी होईल का?”

तिने दहा मोजल्या. सुतळी बांधता येईना. समाधानने हात पुढे केला… आणि मागे घेतला. तिने दातांनी सुतळी ओढली आणि गाठ मारलीच.

“खाली किती राहिल्या?”

“दोन.”

“आणि हातात काय आहे?”

काजलने मुठीतल्या जुडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“अय्या! हा हातचा?”

“तो कुठे ठेवशील?”

तिने जुडी सुट्यांवर धरली. थबकली. मग ती जुड्यांच्या ओळीत ठेवली. एक, दोन, तीन, चार. कुणी न सांगता तिने पाटी पुसली आणि लिहिलं, ४२.

“आता दुसरं घाला,” ती म्हणाली.

त्याने दुसरं घातलं. तिने ते काड्यांवर केलं. तिसरं तिने काड्या न घेताच केलं, फक्त मूठ मिटून धरली होती.

अंधारू लागलं तशी काजलच्या आईने हाक मारली. पोर पाटी घेऊन पळाली.

समाधान बाईंसमोर येऊन उभा राहिला. विजारीला माती लागली होती.

“बाई, मला घ्याल ना? यंदा मला पास व्हायचंच आहे.”

“घेतलं.”

त्याने लगेच पिशवीतून जाड पुस्तक काढलं. “मग आज कुठल्या प्रकरणापासून?”

“थांब. तुला काय येत नाही?”

“प्रेरणेचे सिद्धान्त जरा कच्चे आहेत. आणि मूल्यमापनात…”

“ते नाही विचारत. अजिबात येत नाही, असं काय आहे? ज्याचं नुसतं नाव काढलं तरी तू मागे सरतोस.”

समाधान हसायला गेला. हसू आलं नाही.

“पोहता येत नाही,” तो हळूच म्हणाला. “लहानपणी सगळे उड्या मारायचे. मी काठावर कपडे सांभाळायचो.”

बाईंनी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि फळीवर ठेवून दिलं.

“आधी तू स्वतः काहीतरी शीक. उद्या सकाळी विहिरीवर ये. तरंगायला भोपळा माझ्याकडे आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरच रात्र काढलेला समाधान विहिरीवर गेला, कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि डोळे मिटून पाण्यात शिरला.