बाकावरचे नऊ जण

एकदा एका फुटबॉल संघाला इतके यश मिळाले, की त्या यशाच्या ओझ्यानेच तो बुडायला आला.

संघ इंग्लंडच्या उत्तरेकडचा. समुद्रकाठी मासळीचे एक जुने गाव, गावात एक जुने मैदान, आणि त्या मैदानावर गावाचा एवढा जीव, की नवरा-बायकोचा अबोलासुद्धा मॅचच्या दिवशी आपोआप सुटायचा. आदल्या हंगामात हा संघ देशाच्या अव्वल साखळीत सहावा आला आणि चाळीस वर्षांनी प्रथमच त्याला युरोपच्या स्पर्धेत खेळण्याचा मान मिळाला. मान म्हणजे काय, तर गुरुवारी परदेशात जाऊन तिथल्या संघाशी झुंजायचे आणि रविवारी परत येऊन घरच्या साखळीत उभे राहायचे. गावाने पताका लावल्या. पाय कोणाचे दुखणार, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

संघाचा प्रशिक्षक चाळिशीचा होता. मेहनती, सरळ मनाचा आणि दिलेल्या शब्दाला जागणारा. ज्या अकरा जणांनी सहावा क्रमांक मिळवून दिला त्यांच्यावर त्याची अढळ श्रद्धा होती. ऑगस्टपासून त्याने गुरुवारी तेच अकरा उतरवले आणि रविवारीही तेच अकरा. सुरुवातीला सगळे दृष्ट लागण्यासारखे झाले. पोर्तुगालमध्ये जिंकले, बेल्जियममध्ये जिंकले, बघता बघता युरोपातल्या शेवटच्या सोळांत पोचले. इकडे साखळीत मात्र घसरण सुरू झाली. डिसेंबरात दहावे, जानेवारीत चौदावे, आणि मार्च उजाडला तेव्हा वीस संघांत सतरावे. शेवटचे तीन खालच्या श्रेणीत ढकलले जातात. म्हणजे कडा एका पावलावर आली होती.

संघाचा मालक एक व्यापारी होता. गोठवलेल्या मासळीच्या धंद्यात वर आलेला, हिशेबी पण मनाचा वाईट नव्हे. त्याने प्रशिक्षकाला बोलावले.

“तुम्ही दोन्हीकडे हात घातलात,” तो म्हणाला, “आता दोन्ही निसटायची वेळ आलीय. एक ना धड, भाराभर चिंध्या! युरोप सोडायचं की साखळीत बुडायचं, एक काय ते ठरवा. येत्या गुरुवारच्या आत मला सांगा. आणि संघ खाली गेला तर तुमची खुर्चीही गेली, हे वेगळं सांगायला नको.”

प्रशिक्षकाला झोप येईना. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली. युरोप सोडावा तर चाळीस वर्षे वाट पाहिलेले गाव तोंडात शेण घालील. न सोडावा तर संघ रसातळाला जाईल, आणि पन्नास-साठ घरे त्या संघावर पोट भरतात. खेळाडू विकत घ्यायची मुदतही जानेवारीतच संपली होती. शेवटी तो आपल्या जुन्या गुरूंकडे गेला.

हे गुरू म्हणजे त्याच्या तरुणपणीचे प्रशिक्षक. तिकडे त्यांना सगळे ‘बॉस’ म्हणत, पण आपण गुरुजीच म्हणू. त्यांना ते अधिक शोभते. वय ऐंशीच्या घरात. डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात राहून ते लीक पिकवत. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. जत्रेतल्या स्पर्धेत त्यांच्या लीकला दर वर्षी बक्षीस मिळे आणि त्याचा त्यांना जुन्या करंडकांहून जास्त अभिमान होता.

प्रशिक्षकाने सगळी कर्मकहाणी सांगितली आणि विचारले, “गुरुजी, कोणतं सोडू?”

गुरुजी हाताची माती झटकत म्हणाले, “आधी मला एक मॅच दाखव.”

रविवारी गुरुजी आले. व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी वरच्या काचेच्या खोलीत आपल्या शेजारी आसन राखून ठेवले होते. गुरुजींनी ते नम्रपणे नाकारले. त्यांनी एक घडीची खुर्ची मागून घेतली, खाली राखीव खेळाडूंच्या बाकाजवळच्या कोपऱ्यात ती मांडली, आणि चक्क मैदानाकडे पाठ करून बसले.

लोकांत हशा पिकला. “आजोबा, मॅच इकडे आहे हो!” एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, “अरे, आपला खेळ बघवत नाही, म्हणून पाठ फिरवली त्यांनी!” गुरुजींनी मान हलवून दोघांनाही दाद दिली आणि खुर्ची तसूभरही वळवली नाही.

प्रशिक्षक नेहमीप्रमाणे मैदानाच्या रेषेवर उभा होता. त्याने गुरुजींकडे एकदा पाहिले आणि त्याला मनापासून वाईट वाटले. एवढा जिवाचा आटापिटा करून संघ खेळतोय आणि ज्यांना बोलावणे धाडले ते बघायलाही तयार नाहीत!

तासाभराने त्याचा डावा बचावपटू पार गळून गेला. हंगामातली त्याची ती बेचाळिसावी मॅच. गुडघ्यांवर हात ठेवून तो उभा होता. प्रशिक्षकाने मागे न बघताच हाक मारली, “फिनले, चल!”

फिनले म्हणजे त्याच जागेचा राखीव खेळाडू, तेवीस वर्षांचा. त्याने दचकून वर पाहिले. अंगातले जाड जाकीट काढले, पायमोज्यांत नडगीची ढाल सरकवली, खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या बांधू लागला. गारठ्याने बोटे वळत नव्हती. “लवकर!” प्रशिक्षक ओरडला. तेवढ्यात मैदानाच्या डाव्या बाजूने समोरच्या संघाचा एक चपळ गडी सुसाट निघाला. थकलेला बचावपटू त्याच्या मागे चार पावले धावला आणि थांबला. गोल झाला. फिनले अजून दुसऱ्या बुटाची गाठ मारत होता.

मॅच एक-शून्य अशी हातची गेली. आता संघ अठरावा झाला.

प्रेक्षक पांगल्यावर प्रशिक्षक गुरुजींपाशी आला.

“बघितलंत? म्हणजे, तुम्ही काही बघितलंच नाहीत म्हणा. एका आळशामुळे मॅच गेली. बोलावलं तर नाड्या बांधत बसला!”

“मी तेवढंच बघितलं,” गुरुजी म्हणाले. “मला सांग, बाकावर नऊ जण होते. त्यांतल्या कितींच्या नाड्या बांधलेल्या होत्या?”

प्रशिक्षक रिकाम्या बाकाकडे पाहू लागला.

“दोघांच्या. एक तुझा राखीव गोलरक्षक, बिचारा शिस्तीचा माणूस. दुसरा महिन्यापूर्वी आलाय, त्याला अजून इथली रीत कळलेली नाही. बाकी सातांच्या नाड्या पहिल्या मिनिटापासून सुटलेल्या होत्या. एक जण तर मोबाइलवर घरं बघत होता, दुसऱ्या गावातली.”

“पण हा त्यांचा दोष झाला, गुरुजी.”

“बस जरा.” गुरुजींनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः कठड्याला टेकले. “नाडी सुटलेली ठेवून बसतो तो आळशी नसतो रे. आपल्याला बोलावणं येणार नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं. आणि ते त्याला तूच शिकवलंस, एक शब्द न बोलता, ऑगस्टपासून दर गुरुवारी आणि दर रविवारी. तू रेषेवर उभा राहतोस, ते मैदानाकडे तोंड करून. म्हणजे ज्यांच्यावर तुझा भरवसा आहे ते तुझ्या डोळ्यांपुढे, आणि ज्यांची तुला गरज पडणार आहे ते कायम तुझ्या पाठीमागे. मैदानातले अकरा तर सगळं गाव बघतं. पन्नास हजार डोळे आहेत त्यांच्यावर. त्यात माझ्या दोन डोळ्यांची भर कशाला घालू?”

“ज्यांनी इथवर आणलं त्यांना मी बसवू कसा?” प्रशिक्षक म्हणाला. “त्यांच्याशी ती बेइमानी होईल.”

“तुझ्या इमानाने त्या डाव्या बचावपटूचे पाय मोडायला आलेत. त्याला विचार, त्याला काय हवंय ते. दोन स्पर्धा तुला जड नाहीत. तुझ्या घरात वीस माणसं कमावती आहेत आणि तू अकरांनाच राबवतोयस. कोणतं सोडू, हे विचारायला आलास ना? काही सोडू नकोस. मागे वळून बघ.”

प्रशिक्षक खुर्चीत खाली मान घालून बसला. मग त्याला स्वतःचाच एक जुना हंगाम आठवला. एकवीस वर्षांचा असताना याच गुरूंच्या संघात तो सबंध वर्षभर बाकावर होता. एकतीस मॅच बसून काढल्या. खेळला त्या चार.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “तेव्हा तुम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी मागे वळायचात. मला आठवतंय. तुम्ही वळलात की मी ताठ बसायचो. मला वाटायचं, आमच्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ बघताय.”

गुरुजी हसले. “ते घड्याळ? ते तर बंद होतं की रे.”

खरेच की! साडेतीनवर थांबलेले ते घड्याळ तिथल्या सगळ्या गावाच्या थट्टेचा विषय होते. प्रशिक्षकालाही ते पक्के ठाऊक होते. पण गेल्या वीस वर्षांत या दोन गोष्टी त्याने एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने व्यापाऱ्याला सांगितले, “दोन्ही खेळणार.” व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. गुरुवारी प्रशिक्षकाने सहा जण बदलले. कर्णधाराला जवळ घेऊन तो म्हणाला, “आज तू बसायचंस.” कर्णधार म्हणाला, “डिसेंबरपासून माझी टाच दुखतेय. सांगायची हिंमत होत नव्हती. तुम्ही आम्हाला इतकं मानता, म्हणून.” डाव्या बचावपटूने तर काहीच सांगितले नाही. तो बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला आणि कोणी त्याला उठवले नाही.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. युरोपात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे ताठ मानेने हरला. साखळीत मात्र दहा मॅच उरल्या असताना सुरू झालेला झगडा शेवटच्या दिवसापर्यंत चालला. तगून राहायला त्या दिवशी बरोबरी पुरे होती. मॅच एक-एक अशी सुटली. शेवटच्या पाच मिनिटांत मैदानाच्या त्याच डाव्या बाजूने तसाच एक चपळ गडी सुसाट निघाला होता. या वेळी तिथे ताज्या पायांचा फिनले होता. त्याने चेंडू सरळ गॅलरीत मारला. सुंदर वगैरे काही नव्हते ते, पण गावात आजही त्याची गोष्ट सांगतात. संघ सतरावा आला. तगला. व्यापाऱ्याने प्रशिक्षकाला मिठी मारली आणि आपण त्याला काय काय बोललो होतो ते सोयीस्करपणे विसरून गेला.

पण गोष्ट खरी संपते ती त्याच्या जरा आधी, त्याच मॅचच्या विसाव्या मिनिटाला.

मैदानावर रणधुमाळी चालली होती. गाव उभे राहून ओरडत होते. अशा वेळी रेषेवर उभा असलेला प्रशिक्षक सावकाश मागे वळला आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने नजर फिरवली. नऊ जण. नऊ जोडी बूट. सगळ्या नाड्या घट्ट बांधलेल्या. फिनले टुणकन उठून उभा राहिला.

“आत्ता जाऊ?”

“अजून नाही. बस.”

“मग काय बघत होतात?”

“घड्याळ,” प्रशिक्षक म्हणाला आणि परत मैदानाकडे वळला.

फिनलेने मान वर करून मागे पाहिले. तिथे नुसते पत्र्याचे छप्पर होते. घड्याळ तर मैदानाच्या पलीकडे, मोठ्या फलकावर, प्रशिक्षकाच्या अगदी समोर होते. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग बाकावर बसला, खाली वाकला, आणि बांधलेलीच गाठ त्याने पुन्हा एकदा सोडून नीट आवळून बांधली.