तांबडी ओळ

एकदा एका वृद्ध गुणलेखकाने आपल्या शिष्येला चष्मा उतरवायला सांगितले. त्या वेळी मी तिथे नव्हते. ज्या कसोटी सामन्याविषयी ते बोलत होते, तोही मी पाहिलेला नाही. शिष्येने जे सांगितले आणि वहीत जे मी स्वतः पडताळून पाहिले, तेवढेच येथे लिहिते.

शिष्या राष्ट्रीय निवड समितीसाठी आकडेवारीची टिपणे करीत असे. धावांची नोंद ठेवायला ती या वृद्धांकडेच शिकली होती. म्हणून टिपण समितीकडे जाण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून घालण्याचा तिचा परिपाठ होता. त्या दिवशी प्रश्न चौतीस वर्षांच्या एका फलंदाजाचा होता. परदेश दौऱ्याचा संघ सायंकाळी पाचला ठरणार होता, आणि या वयात वगळलेल्या खेळाडूला सहसा परत बोलावणे येत नाही. तिच्या टिपणाचा शेवट असा होता: ‘अकरा कसोटींत सरासरी अठ्ठावीस; एकही अर्धशतक नाही; स्थान राखण्यास आधार आढळत नाही.’

वृद्धांनी बेरजा तपासल्या आणि चोख असल्याचे सांगितले. मग कपाटातून कापडी बांधणीची एक वही काढली, पान उघडून तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “चष्मा काढ.”

“सर, चष्म्याशिवाय मला एक आकडा दिसत नाही.”

“तेच हवंय. आकडे तू पुष्कळ वाचलेस.”

तिने चष्मा उतरवला. आकडे विरघळले, उरले फक्त रंग. या गुणलेखकांची रीत अशी: प्रत्येक गोलंदाजाला एक रंग द्यायचा आणि फलंदाजाने खेळलेला प्रत्येक चेंडू, धाव न मिळालेलासुद्धा, त्या रंगात त्याच्या ओळीत मांडायचा. तिला एक ओळ हिरवी-निळी दिसली. तिच्याखालची जवळजवळ सगळी तांबडी होती.

तांबडा रंग कोणाचा, हे तिला ठाऊक होते. त्या मालिकेत ज्याने दोन फलंदाजांची हाडे मोडली, त्या वेगवान गोलंदाजाचा. हिरव्या-निळ्या ओळीच्या फलंदाजाने शतक करून सामना वाचवला होता. वर्तमानपत्रांत छायाचित्र त्याचेच आले होते. तांबडी ओळ तिच्या टिपणातल्या माणसाची होती.

चष्मा लावून तिने मोजले. दोघांच्या भागीदारीत त्या गोलंदाजाने टाकलेल्या नव्वद चेंडूंपैकी चौऱ्याहत्तर याने खेळले होते. योगायोग असेल, ती म्हणाली. वृद्धांनी त्या ओळीवरून बोट फिरवले. फिरकी गोलंदाजाच्या षटकाचा शेवटचा चेंडू, त्यावर एक धाव. त्याच गोलंदाजाच्या पुढच्या षटकात पुन्हा तेच. अशी नऊ षटके. प्रत्येक वेळी तो एकच धाव पळून पलीकडे गेला होता आणि पुढच्या षटकात तांबड्यासमोर स्वतः उभा राहिला होता.

“अगं, सरासरी खोटं बोलत नाही,” वृद्ध म्हणाले. “पण विचारलं तेवढंच सांगते. किती धावा केल्या, हे तू विचारलंस. कोणाच्या वाटचे चेंडू अंगावर घेतले, हे विचारलं नाहीस. आणि त्यानंही ते कुणाला सांगितलं नाही.”

तिने ती ओळ पुन्हा पहिल्या चेंडूपासून वाचली. देवळाच्या गाभाऱ्यात बोलू नये असे वाटते, तसे झाले, असे तिने मला सांगितले. ती अशी उपमा सहसा देत नाही.

मग तिला त्या नऊ षटकांतला नववा ‘एक’ दिसला. त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह होते. तेव्हा त्याच्या धावा अठ्ठेचाळीस होत्या. दोन पळाला असता तर अर्धशतक झाले असते. मात्र पुढचे षटक जोडीदाराला खेळावे लागले असते. तो एक पळाला. त्यानंतर चौथ्या चेंडूवर एकोणपन्नासवर बाद झाला.

“दोन होत्या का, सर?”

“आरामात. जोडीदार म्हणतो, यानंच हात दाखवून थांबवलं. हा म्हणतो, पाय घसरला.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी गुणलेखक आहे. मी एक लिहिला.”

तिने टिपणातले शेवटचे कलम खोडले. ‘एकही अर्धशतक नाही’ तसेच ठेवले, कारण ते खरे होते. त्यापुढे ‘नव्वदपैकी चौऱ्याहत्तर’ लिहिले, आणि उरलेल्या दहा सामन्यांच्या अशा नोंदी उपलब्ध नाहीत, हेही लिहिले. सायंकाळी जाहीर झालेल्या यादीत त्याचे नाव शेवटचे होते.

ती वही मी पाहिली आहे. प्रश्नचिन्ह अजून पेन्सिलीतच आहे. कोणी खोडलेले नाही, शाईने गिरवलेलेही नाही.